बहात्तर तास, तीस दिवस आणि पुढची वर्षं

भारतात माणूस १८ वर्षं पूर्ण झाली की सज्ञान होतो. हा आकडा १८७५ सालच्या कायद्यापासून चालत आलेला आहे. त्याच्याशेजारी ठेवावा असा दुसरा आकडा अलीकडचा आहे. मानसिक आजार कोणत्या वयात सुरू होतात याचा हिशेब एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली मांडला. त्यासाठी १९२ अभ्यास आणि सात लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. आजाराची पहिली सुरुवात १८च्या आत झालेले ४८.४ टक्के निघाले, २५च्या आत झालेले ६२.५ टक्के. स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातीच्या आजारांचा जोर सर्वांत जास्त आढळला तो साडेवीस वर्षांच्या आसपास. म्हणजे कायदा ज्या वर्षांत आईवडिलांच्या सहीची किंमत काढून घेतो, नेमका त्याच वर्षांत हा आजार घरात शिरतो.

तो शिरतो कसा, हे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना सांगावं लागत नाही. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. हॉस्टेलवरून दिवाळीला येतो आणि परत जायचं नाव काढत नाही. रात्रभर जागतो, आंघोळ टाळतो, समोरच्या बिल्डिंगचा कॅमेरा आपल्यावरच रोखलाय म्हणून खिडकीला वर्तमानपत्र चिकटवतो. सुरुवातीला घरचे म्हणतात, ब्रेकअप झालं असेल. मग म्हणतात, मोबाइलचं वेड. मग कुणीतरी दृष्ट काढून जातं. आणि एक दिवस वडील धीर करून म्हणतात, "अरे, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ." उत्तर ठरलेलं असतं: "मला काही झालेलं नाही. तुम्हीच दाखवा स्वतःला."

या एका वाक्यावर घराची गाडी कधी काही महिने अडते, कधी काही वर्षं.

सज्ञान अपत्याच्या वतीने आईवडिलांना संमती देता येते का, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये दिलं. प्रकरण मानसिक आजाराचं नव्हतं. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीतून करायच्या तपासणीसाठी भुलीखाली होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया उरकून टाकली. न्यायालयाने म्हटलं की ती सज्ञान होती, तिची शुद्ध तात्पुरती गेलेली होती आणि जीव धोक्यात नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती ही संमतीच नव्हे. भरपाई मिळाली ती २५ हजार रुपये, पण तत्त्व पक्कं झालं. वय २० असो की ४४, भान शाबूत असलेल्या माणसाच्या देहाबद्दल दुसऱ्या कुणाला सही करता येत नाही, जन्म देणारीलाही नाही.

शारीरिक आजारापुरती गोष्ट इथेच जवळपास संपते. टाइप वन मधुमेह असलेली बावीस वर्षांची मुलगी इन्सुलिन घ्यायचं थांबवते, किंवा कुणी तरुण कर्करोगाच्या दुसऱ्या केमोला जायचंच नाही म्हणतो, तेव्हा आईवडिलांच्या हाती समजावण्याखेरीज काही नसतं. ती मुलगी बेशुद्ध पडली, तर मात्र चित्र बदलतं. जीव वाचवण्यासाठी संमती मिळणं अशक्य असताना सद्‌हेतूने केलेल्या उपचाराला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ९२ संरक्षण देत असे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३० देतं. बेशुद्धीच्या अलीकडे शब्द, पलीकडे कायदा. त्या दोन्हींच्या मध्ये आईवडिलांची झोप.

मन आजारी असतं तेव्हा प्रश्न वेगळा होतो, कारण 'नाही' नक्की कोण म्हणतंय, हेच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने साठच्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांतल्या नऊ केंद्रांवर स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या बरोबरीने त्यात आपलं आग्राही होतं. १९७३ साली निष्कर्ष आले. भास, संशय, कुणीतरी पाठलाग करतंय ही भावना, या लक्षणांची आपल्याला कल्पना असते. ती भरपूर होतीच. कानात आवाज ऐकू येणारे ७४ टक्के होते. पण सर्वांत वरचं लक्षण वेगळंच निघालं. आजार तीव्र असताना ९७ टक्के रुग्णांना आपण आजारी आहोत याचं भानच नव्हतं.

मला वाटतं, हा आकडा प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवून ठेवावा. शंभरातल्या सत्त्याण्णवांच्या बाबतीत "मला काही झालेलं नाही" हा हट्ट नसतो, खोटेपणा नसतो, आईवडिलांचा अपमान तर नसतोच. तो आजाराचाच एक तुकडा असतो, तापात अंग गरम लागावं तसा. वैद्यकात त्याला अनोसोग्नोसिया म्हणतात आणि पक्षाघाताच्या काही रुग्णांतही तो दिसतो: हात लुळा पडलेला असतो आणि माणूस शांतपणे सांगतो की हात ठीक आहे. लुळ्या हाताबद्दल त्या माणसाशी कुणी वाद घालत बसत नाही. मुलाशी मात्र आपण रोज रात्री जेवणानंतर तासभर घालतो.

तीव्र अवस्था ओसरल्यावर हे प्रमाण उतरतं, तरी पूर्ण भान येणारे सगळे नसतात. आणि भान आलेल्यांचाही नकार संपत नाही. तो फक्त जात बदलतो.

अमेरिकेत १,४९३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कोणतं औषध उजवं, हे शोधणं हा त्याचा हेतू होता. हाती आलं ते असं: १८ महिने पूर्ण होण्याआधीच ७४ टक्के रुग्णांचं ठरवून दिलेलं औषध थांबलेलं होतं. कुणाला गुण आला नाही, कुणाला सोसलं नाही, कुणी स्वतःच बंद केलं. त्यात ओलान्झापिन हे आपल्याकडेही सर्रास दिलं जाणारं औषध होतं. ते घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढलं. एकवीस वर्षांच्या मुलीला हे वाक्य वाचून दाखवा आणि मग ती गोळी का थुंकते ते विचारा. तोंडाला कोरड, हातापायांचा ताठरपणा, दिवसभराची गुंगी, लैंगिक इच्छा मेल्यासारखी होणं, आणि शेवटचं तर आईवडिलांना सांगताच येत नाही. डॉक्टरांच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळतात चार-पाच मिनिटं, त्यात बोलतात वडीलच. हा नकार आजारातून आलेला नसतो. ती तक्रार असते आणि ती कुणी ऐकलेली नसते. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, वेळ सकाळची रात्रीची करता येते. रोजच्या गोळीवरून रोजचं भांडण होत असेल, तर काही औषधं पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या इंजेक्शनमधूनही मिळतात. यातलं काहीही घडायचं, तर आधी तक्रार बाहेर यावी लागते.

तिसरा नकारही असतो. माणसाला सगळं समजलेलं असतं, परिणाम दिसत असतात आणि तरी तो नको म्हणतो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या नकाराला जागा देतो. कलम ४ म्हणतं की उपचाराबाबतचा एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य वाचून अनेक आया संतापतात. तो संताप मला अर्धा पटतो. उरलेला अर्धा का पटत नाही, त्यासाठी याआधीचे कायदे आठवावे लागतात: १९१२चा भारतीय वेडेपणाचा कायदा आणि १९८७चा त्यानंतरचा. इस्टेटीच्या भांडणात भावाला, नको झालेल्या बायकोला, जातीबाहेर लग्न ठरवणाऱ्या मुलीला 'वेडी' ठरवून आत टाकण्याची सोय त्या कायद्यांच्या काळात पुष्कळ घरांनी करून घेतली. आज जो आईबाप कळवळून सही करू पाहतो, त्याच्या मागोमाग ते सगळे सही करायला रांगेत उभेच असतात.

आता वेळेचा हिशेब. पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंत किती काळ जातो? अमेरिकेत पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ४०४ जणांच्या अभ्यासात हा मध्यांक ७४ आठवडे निघाला, जवळपास दीड वर्ष. हा काळ जितका लांबतो तितका औषधाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, हे अनेक अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. आपल्याकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ३५ हजार प्रौढांना विचारणा झाली. सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याच्या आजारांत उपचारांपासून दूर राहिलेले ७५.५ टक्के निघाले. दारूच्या व्यसनात ८६ टक्के. हे आकडे मराठी वर्तमानपत्रांत नेहमी छापून येतात. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे मात्र सोबत छापलं जात नाही. गुजरात होतं, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. आपण शेजारच्यांच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो.

एक आकडा मात्र महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. देशभरातल्या एक तृतीयांशाहून अधिक घटना १८ ते ३० या वयातल्या होत्या. सगळ्यांमागे मानसिक आजार असतो असं नाही. पण 'तो काही करून तर घेणार नाही ना' ही आईची भीती उगाच नसते, एवढं यातून कळतं. तशी शंका आली, तर थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२पासून दिवसरात्र चालू आहे आणि तिथे आईवडिलांनाही स्वतःसाठी बोलता येतं.

मग २०१७चा हा कायदा आईवडिलांना देतो तरी काय? देतो, पण मोजून.

पहिलं माप ७२ तासांचं. कलम ९४नुसार जिवाला किंवा प्रकृतीला तातडीचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर आपत्कालीन उपचार करू शकतो, घरी येऊनसुद्धा. मनोविकारतज्ज्ञच हवा असं नाही. गल्लीतले एमबीबीएस डॉक्टरही चालतात. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हा प्रतिनिधी कोण? रुग्णाने कुणाचं नाव लिहून ठेवलं असेल तर ती व्यक्ती. नसेल लिहिलं, तर नातेवाईक, म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा वडील. मुदत ७२ तासांची, किंवा त्याआधी रुग्णालयात तपासणी होईपर्यंतची.

दुसरं माप ३० दिवसांचं. कलम ८९ हे आईवडिलांनी पाठ करावं असं कलम आहे. प्रतिनिधीने अर्ज करायचा. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर चालतो. आजाराची तीव्रता इतकी असली पाहिजे की रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा इतरांवर हात उगारला, त्यांना भीती घातली, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं जमेनासं झालं की त्यातूनच धोका उभा राहिला. पालकांच्या गर्दीत हा तिसरा मुद्दा कायम हरवतो. 'तो मारत नाही, म्हणजे कायदा काही करणार नाही,' असं ते धरून चालतात. दहा दिवस न जेवलेला, पायाची जखम चिघळलेली असताना दार न उघडणारा मुलगाही या कलमात बसू शकतो. मात्र कधी, काय, किती दिवस, हे डॉक्टरांना सांगता यायला हवं. एक साधी वही ठेवावी: तारीख, झोप, जेवण, काय बोलला, काय केलं. तीन आठवड्यांची वही दोन तासांच्या रडण्यापेक्षा डॉक्टरला जास्त काही सांगते.

भरती झाल्यावर पुरुष असेल तर ७ दिवसांत आणि स्त्री असेल तर ३ दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. निर्णयक्षमता दर ७ दिवसांनी तपासायची. ३० दिवस संपले आणि गरज उरली, तर कलम ९०खाली आधी ९०, मग १२०, मग १८० दिवस; पण तिथे दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञ हवेत आणि मंडळाची मंजुरी लागते. मंडळं कागदावर चोख आहेत. महाराष्ट्रात ती प्रत्यक्षात यावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवावी लागली, हे मात्र लक्षात ठेवावं.

मुलगा दाराबाहेरच येत नसेल, तर? कायदा इथे पातळ होतो. कलम १०२खाली दंडाधिकारी अशा व्यक्तीला तपासणीसाठी सार्वजनिक रुग्णालयात पाठवू शकतो, किंवा १० दिवसांपर्यंत ठेवून घेण्याचा आदेश देऊ शकतो. पण आपल्या लेकराला कोर्टासमोर उभं करायची तयारी किती आईबापांची असते? मग फोन जातो कुठल्यातरी व्यसनमुक्ती केंद्राला. चार दांडगे येतात, मुलाला उचलतात, गाडीत कोंबतात. व्यसनमुक्तीच्या धंद्यात याला 'पिकअप' म्हणतात आणि दर किलोमीटरनुसार ठरतो. मुलाच्या डोक्यात आधीपासूनच असतं की काही लोक आपल्या मागावर आहेत. ते खरोखर येतात. आणि दार आतून आई उघडते.

दुसरी पळवाट स्वयंपाकघरातून जाते. चहात थेंब, आमटीत कुटलेली गोळी. किती घरांत हे चालतं ते मोजणं अवघड, कारण सांगणार कोण? पण पालकांच्या कुठल्याही बैठकीत विषय निघाला की माना खाली जातात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. चार रात्री न झोपलेल्या घराला नीतिशास्त्र शिकवणं सोपं असतं. पण हिशेब म्हणून पाहा. तो मुलगा आधीच म्हणत होता, की जेवणात काहीतरी घालतात. आपण त्याचा भ्रम खरा करून दाखवतो. हात थरथरू लागले तर कशामुळे, हे त्याला कळत नाही आणि तो ते कुणाला सांगतही नाही. आणि ज्या दिवशी पातेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते, त्या दिवसानंतर तो घरचं पाणीही पीत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ही संमती नव्हे.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. खाटा अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५,६९५. २०११च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तर लाखामागे पाच खाटा. त्यातल्या बऱ्याच खाटांवर घरच्यांनी परत न नेलेली माणसं वर्षानुवर्षं आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि खासगी रुग्णालयं यांच्यावर मोठा भार पडतो. भरती करायची ठरवलीच, तरी जागा मिळेल याची हमी नाही.

आणि समजा, जागा मिळाली, तीस दिवस पार पडले, मुलगा शांत होऊन घरी आला. इथून पुढचे आकडे आईवडिलांना कुणीच सांगत नाही. तीस दिवसांनंतर सही पुन्हा त्याचीच चालणार आहे. २०१२ साली ६५ चाचण्या आणि ६,४९३ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला: औषध चालू ठेवलेल्यांत सात ते बारा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण २७ टक्के, खोटी गोळी मिळालेल्यांत ६४ टक्के. न्यूयॉर्कमधल्या आणखी एका अभ्यासात पहिल्यांदा आजारी पडलेले १०४ जण पाच वर्षं पाहिले गेले. त्यातल्या ८२ टक्क्यांचा आजार एकदा तरी उलटला आणि औषध थांबवलेल्यांचा धोका जवळपास पाचपट होता. थोडक्यात, औषधाचा उपयोग आहे आणि तो वर्षांच्या मापाने चालतो. वर्षानुवर्षं कुणालाही धरून औषध देता येत नाही. तो स्वतःच्या हाताने घेईल तरच.

तो घेईल की नाही, यात घराच्या आवाजाला वाटा असतो. संशोधकांनी त्याचंही माप काढलंय. घरच्या माणसांशी मोकळं बोलून त्यांच्या बोलण्यातली टीका, राग आणि अती गुंतणं यांची नोंद करायची, आणि पुढे रुग्णाचं काय होतं ते पाहायचं. १९९४ साली २५ अभ्यासांतल्या १,३४६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा तापट, टोचणाऱ्या किंवा गुदमरवणाऱ्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्के निघालं, निवांत घरांत २१ टक्के. आजार जास्त असतो तिथे टीकाही जास्त होते, ही शक्यता आहेच; सगळा दोष घरावर ढकलू नये. पण हा आकडा वाचल्यावर "दहा वाजले, अजून लोळतोयस?" हे वाक्य घशातच अडखळतं. अती गुंतणं तर आपल्याला प्रेमच वाटतं. ताटात वाढून देणं, नखं कापून देणं, त्याच्या वतीने फोनवर बोलणं, बाथरूमबाहेर उभं राहणं. चंदीगडमध्ये ऐंशीच्या दशकात हेच माप लावलं, तेव्हा अशा तापट नातेवाइकांचं प्रमाण २३ टक्के निघालं, लंडनमध्ये ते ४८ होतं. आपली घरं अगदीच वाईट नव्हती. आता वन-बीएचकेत, एकुलत्या एका मुलावर सगळी आशा आणि शिक्षणाचं कर्ज ठेवून बसलेल्या घरात ते माप किती निघेल, याची मला धास्ती वाटते.

बोलायचं कसं, यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झेव्हियर अमाडोर यांनी एक रीत मांडली. त्यांचा स्वतःचा मोठा भाऊ स्किझोफ्रेनियाने आजारी होता आणि बरीच वर्षं औषध नाकारत होता. रीत सांगायला सोपी आहे: ऐका, त्याच्या जागी जाऊन पाहा, जिथे एकमत आहे तेवढंच धरा, सोबतीने चाला. आजार आहे की नाही, हा वाद सोडून द्यायचा. 'तुला स्किझोफ्रेनिया आहे' याला तो कधीच हो म्हणणार नाही. 'तुला चार रात्री झोप नाही आणि तू दमलायस' याला म्हणू शकतो. झोपेसाठी फॅमिली डॉक्टरांकडे जायला तो तयार होतो आणि पुढचा रस्ता पुष्कळदा तिथूनच निघतो. कॅमेऱ्याबद्दल विचारलं, तर "मला तसं दिसत नाही, पण तुला दिसतंय आणि तुला भीती वाटतेय, हे कळतंय" एवढं म्हणावं. भ्रमाला दुजोरा द्यायचा नाही, खोडून काढायचा नाही. सुरुवातीला हे आईवडिलांना नाटक वाटतं, कारण आपल्या घरांत ऐकणं म्हणजे आज्ञा पाळणं.

यासोबत घरालाही आपली हद्द आखता येते. मारहाण झाली तर पोलिसांना फोन होईल. दारूसाठी पैसे मिळणार नाहीत. रात्री अकरानंतर टीव्हीचा आवाज कमी. हद्द वागण्यावर असावी, आजारावर नको. 'गोळी घेतली नाहीस तर घराबाहेर हो' ही धमकी देणारा बाप ती जवळपास कधीच पाळत नाही, आणि मुलाला ते ठाऊक असतं. पाळली, तर आणखी वाईट.

एकटं पडलेल्या घरांना आपल्याकडे काही दारं उघडी आहेत. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते; २००४चा 'देवराई' हा चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून आला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. व्यसनाच्या वाटेने आलेल्यांसाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून चालू आहे. मुलगा येत नसला, तरी आईवडिलांनी स्वतः जाऊन यावं. तज्ज्ञांशी पहिल्या काही भेटी त्याच्याशिवायही होऊ शकतात. गोवा, महाराष्ट्र आणि तमिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्ण आणि कुटुंबासोबत काम केलं. वर्षभराने त्यांची स्थिती फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा थोडी बरी होती. थोडीच. पण ज्यांनी हे काम केलं ते डॉक्टर नव्हते.

२०१७च्या कायद्यातली आणखी एक तरतूद पालकांच्या नजरेतून सुटते, कारण ती वापरायची असते मुलगा बरा असताना. कलम ५नुसार कोणीही सज्ञान माणूस आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो: पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत. अमुक औषधाने माझं वजन वाढलं, ते नको. अमुक चाललं, ते द्या. बांधून ठेवू नका. आपत्कालीन उपचारांना हा निर्देश लागू होत नाही, बाकी वेळी डॉक्टरांना तो पाळावा लागतो आणि मंडळाकडे नोंदवताही येतो. कलम १४नुसार प्रतिनिधीचं नाव तर साध्या कागदावर सही करून लिहिता येतं. त्या जागी आईचंच नाव येईल असं नाही. आत्याचं असेल, मामाचं असेल, हॉस्टेलच्या रूममेटचं असेल. तसं झालं तर अर्ज तो रूममेट करेल, संमती तो देईल, डॉक्टर माहितीही त्यालाच देतील. वडिलांनी तेव्हा वाईट वाटून घ्यावं. पण त्या रूममेटचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावा आणि वहीची एक प्रत त्याला द्यावी.